फोटो शोधायचे आहेत की सुधारायचे? सॉफ्टवेअर घेण्याआधी एवढं वाचा

अल्बम छापायला येणारे बरेच जण विचारतात, "घरच्या कॉम्प्युटरवर कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो, तुमचा वेळ कशात जातो? फोटो शोधण्यात की सुधारण्यात?

लग्नाचे चार हजार फोटो आहेत आणि आजी मुंडावळ्या बांधतानाचा तो एकच हवाय, तर फोटोशॉपचा उपयोग नाही. ते एकेका फोटोवर बारीक काम करण्यासाठी आहे. डिजीकॅम हे सॉफ्टवेअर घ्या. मोफत आहे, चेहऱ्यावरून, तारखेवरून फोटो शोधून देतं, एकसारखे फोटोही दाखवतं. गुगलचं फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर पिकासा 2016 मध्ये बंद झालं तेव्हापासून अडलेल्यांना आम्ही हेच सुचवतो.

हळदीचे फोटो मात्र सुधारावेच लागतात. मांडवाचं कापड पिवळं, बल्ब पिवळे, त्यात हळद! रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल, असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडामुळे आलेली रंगाची झाक, नंतरही सावरता येतो, कारण 14 बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या असतात आणि नेहमीच्या जेपेग फोटोमध्ये फक्त 256. हे काम लाइटरूम क्लासिक फार छान करतं, फोटोही नीट लावून ठेवतं. पण त्याला वर्गणी भरत राहावी लागते. डार्कटेबल मोफत आहे आणि ताकदीचंही, फक्त शिकायला सवड हवी.

आता ज्यासाठी हे पत्रक काढलं ती गोष्ट. लाइटरूम क्लासिक मूळ फोटोला हात लावत नाही. तुम्ही केलेले बदल कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये राहतात. आमच्या एका ताईंनी सगळे फोटो नव्या हार्ड डिस्कवर घेतले आणि जुना लॅपटॉप फॉरमॅट केला. कॅटलॉग त्यातच होता. फोटो एकही गेला नाही, पण तीन आठवडे बसून केलेली निवड, दिलेले स्टार, रंगकाम, सगळं पुसलं गेलं. त्यांचा चेहरा आम्हाला अजून आठवतो.

म्हणून कॅटलॉगची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवाच. फोल्डर हलवायचा तर लाइटरूमच्या आतूनच हलवा. सेटिंगमध्ये बदल एक्सएमपीत, म्हणजे फोटोसोबत राहणाऱ्या नोंदीत, आपोआप लिहिण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा. पुढे सॉफ्टवेअर बदललं तरी स्टार आणि कीवर्ड (फोटो शोधायला दिलेले शब्द) सोबत येतात. रंगकाम मात्र दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं उतरत नाही, म्हणून पसंत पडलेल्या फोटोंचे जेपेग वेगळे काढून ठेवा.

छापायलाही तेच आणा, पूर्ण आकाराचे, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत. आधी दोन फोटो छापून दाखवू, रंग पटले की मग अल्बम.