दगड पांघरणारा कांदा

नैऋत्य चीनमधल्या हेंगदुआन पर्वतरांगांत उंचावर फुटक्या दगडांचे उघडे उतार आहेत. त्या दगडांतून लिलीच्या कुळातली एक छोटी वनस्पती वर येते, फ्रिटिलारिया डेलावाई. काही उतारांवर तिची पानं हिरवीगार, लांबूनही दिसतील अशी. काही ठिकाणी मात्र तीच जात करड्या-तपकिरी पानांची, शेजारच्या दगडाच्या रंगाची. पायाशी असली तरी पटकन दिसत नाही.

जनावरांपासून लपत असेल, असं आधी वाटतं. पण चीनमधल्या कुनमिंग आणि इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांना या झाडांवर चरल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. झाडाच्या जमिनीतल्या कांद्यात अल्कलॉइड्स, म्हणजे कडू-विषारी द्रव्यं, असतात, त्यामुळे तो तोंडात धरण्यासारखा नव्हेच. मग उरतो तो दोन पायांचा प्राणी.

चिनी वैद्यकात या कांद्यांना खोकल्यावरचं औषध म्हणून दोन हजार वर्षांपासून मागणी आहे. कांदा इतका लहान की किलोभर माल जमवायला साडेतीन हजारांहून अधिक झाडं उपटावी लागतात. आणि झाडाला फूल यायलाच पाच वर्षं लागतात, तेही वर्षाला एकच. म्हणजे फुलाआधी खणलं गेलं, तर मागे बी राहतच नाही.

भाताची बेणणी केलेल्यांना यापुढचं सांगायला नको. वेगळं दिसणारं तण उपटलं जातं, भातासारखं दिसणारं हातातून सुटतं आणि त्याचंच बी शेतात पडतं. इथेही तेच. हिरवी झाडं आधी नजरेस पडली, पिशवीत गेली. दगडाच्या रंगाची राहिली, बियांवर आली. रंग मुद्दाम कोणी निवडला नाही, निवड खणणाऱ्याच्या नजरेनं केली.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला मला आवडलेला भाग म्हणजे त्याची तपासणी. पानांचा आणि भोवतालच्या दगडांचा रंग उपकरणानं मोजला. कुठून किती माल आला, हे स्थानिक व्यापाऱ्यांकडच्या माहितीतून काढलं. शिवाय संगणकावर फोटो दाखवून लोकांना झाड शोधायला लावलं. दगडी रंगाचं झाड सापडायला जास्त वेळ लागला. हा संबंध आहे, डोळ्यांदेखत घडलेली उत्क्रांती नव्हे, हे खरं. पण जिथून खणणी जास्त, तिथे झाडाचा रंग दगडाशी अधिक जुळलेला. जिथे दगडांत कांदा खोल अडकलेला, खणणं जिकिरीचं, तिथे पानं अजून हिरवी आहेत.