शिवाजी पार्क (दादर, मुंबई)

मुंबईत दादर पश्चिमेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेले सुमारे २८ एकरांचे सार्वजनिक मैदान. महापालिकेने ते १९२५ मध्ये खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून महाराजांचे नाव देण्यात आले. २०२० पासून अधिकृत नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे आहे.

मैदान खेळाडूंचे, पण वस्तीला एकत्र आणतो तो कट्टा. मैदानाच्या कडेने फिरलेली ही ठेंगणी भिंत बसायला बेताच्या उंचीची आहे. तिला पाठ नसल्यामुळे मैदानाकडे तोंड करून सामना बघता येतो, नाहीतर रस्त्याकडे वळून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलता येते. बसायला तिकीट लागत नाही की काही विकत घ्यावे लागत नाही. दाटीवाटीच्या घरांतून राहणाऱ्या माणसांना एवढी मोकळीक शहरात सहज मिळत नाही. कट्ट्यालगतची एक फेरी सुमारे १.१७ किलोमीटरची, म्हणजे पाच फेऱ्यांत जवळपास सहा किलोमीटर चालणे होते. पहाटे चालणारे, उन्हे वर येईपर्यंत निवृत्त मंडळी आणि संध्याकाळी कॉलेजची मुले अशी पाळी आपोआप लागते. गप्पांचे अड्डे ठरलेले असतात. ‘कट्ट्यावर भेटू’ म्हटले की कुठे, ते विचारावे लागत नाही.

क्रिकेटच्या खेळपट्ट्या इतक्या जवळजवळ आहेत की सुट्टीच्या दिवशी एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या हद्दीत उभा असतो. सीझन बॉलने, म्हणजे चामड्याच्या टणक चेंडूने, खेळ चालू असताना मैदान आडवे ओलांडू नये. चार पावले वाचवण्याच्या नादात मार बसतो. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी यांना इथेच घडवले. आचरेकरांचे स्मारक डिसेंबर २०२४ मध्ये मैदानाच्या प्रवेशद्वाराजवळ उभे राहिले. समर्थ व्यायाम मंदिरात पुरलेला आणि दोरीचा असे दोन्ही मल्लखांब शिकवतात. उद्यान गणेश मंदिर, जिमखाना आणि बेंगॉल क्लबची दुर्गापूजा यांमुळे न खेळणाऱ्यांचीही पावले इकडे वळतात. महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६६ चा. त्यात तलवार उगारलेली नाही, हात पुढे केलेला आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या मोठ्या सभा इथेच झाल्या. शिवसेनेचा पहिला मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी इथे भरला. मे २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. २०१६ च्या सरकारी निर्णयानुसार खेळाव्यतिरिक्त वर्षातले ४५ दिवसच मैदान देता येते. महापरिनिर्वाण दिनाला, ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर येणारे लाखो अनुयायी इथे मुक्कामाला असतात. तेव्हा मांडव, पाण्याचे नळ, फिरती शौचालये उभी राहतात आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. वाचणाऱ्याने ही पुस्तके बघायला मुद्दाम यावे.

मैदानाचे खरे दुखणे म्हणजे धूळ. सपाटीसाठी टाकलेली लाल माती पावसाळा संपला की सुटी होते, हजारो पायांखाली तिचे पीठ होते आणि वारा ते थेट भोवतालच्या घरांत नेतो. गवत लावले तरी सततच्या खेळामुळे मूळ धरत नाही. नुसते पाणी शिंपडले तर उन्हात माती काही तासांत पुन्हा कोरडी पडते. जास्त मारले तर चिखल होऊन खेळ थांबतो. त्यावर उपाय म्हणून मैदानात विहिरी खोदून पावसाचे पाणी जिरवण्याची आणि तेच फवारण्याची सोय महापालिकेने केली. वरचा मातीचा थरच काढावा, ही रहिवाशांची मागणी जुनी आहे. ती रास्त आहे, पण थर काढताना उतार सांभाळला नाही तर पावसाळ्यात पाणी तुंबेल. मांडवाचे खांब रोवून पडलेले खड्डे नुसत्या सुट्या मातीने बुजवले, तर तिथूनही धूळ उठते आणि धावणाऱ्याचा पाय मुरगळतो. त्यासाठी भर ओली करून, थराथराने चोपून, वरून रोलर फिरवावा लागतो.