उपकरण रीसेटची मर्यादा: पार्श्वभूमी

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात, स्कझी (डिस्क, टेप वगैरे संगणकाला जोडण्याची पद्धत) साठवण उपकरण अडकले की आधी अडकलेल्या एका आज्ञेचा अबॉर्ट (ती रद्द करणे), मग उपकरणाचा रीसेट (ते पुन्हा सुरुवातीच्या स्थितीत आणणे), मग टार्गेट (एक किंवा अधिक उपकरणे सामावणारे युनिट), बस (उपकरणांना जोडणारी सामाईक वाहिनी) आणि शेवटी संपूर्ण होस्ट (संगणकातील जोडणीचे कार्ड) अशा चढत्या पायऱ्या घेतल्या जातात. यातील टार्गेटची स्वतंत्र पायरी २००८ मध्ये आली. त्याआधी उपकरणावरून थेट बसवर उडी घेतली जात असे.

समांतर स्कझीच्या (स्कझीचा जुना, अनेक तारांचा प्रकार) काळात एका बसवर अनेक उपकरणे असत आणि रीसेटची तार सर्वांना सामाईक होती. कर्नलच्या जुन्या पद्धतीत दुरुस्तीचा बराचसा निर्णय प्रत्येक ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) सोपवलेला असे. २००३ च्या अखेरीस आलेल्या कर्नलच्या २.६ या आवृत्तीपर्यंत ती पद्धत मोडीत निघाली आणि पायऱ्यांचा क्रम मधल्या स्कझी थराकडे आला. ड्रायव्हरने आपल्या हार्डवेअरला जमणारी पायरी तेवढी पुरवायची, असे ठरले.

खरा वाद आहे तो वापरकर्त्याने स्वतः मागितलेल्या रीसेटबद्दल. उपकरणाचा रीसेट मागितला आणि तो फसला, तर कर्नल आपणहून टार्गेट, बस आणि होस्टपर्यंत चढत जातो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एखाद्या कारखान्याचा जुना सर्व्हर घ्या. जकार्ड मागावरच्या नक्षींची डिस्क आणि रात्रीच्या बॅकअपचा टेप ड्राइव्ह एकाच बसवर आहेत. डिस्क अडकली म्हणून देखभाल करणाऱ्याने फक्त तिचा रीसेट मागितला आणि तो बसपर्यंत चढला, तर टेप ड्राइव्हही रीसेट होतो. पुढच्या आज्ञेला तो ‘युनिट अटेन्शन’ (आपली स्थिती बदलल्याची सूचना) असे उत्तर देतो, टेपचा ड्रायव्हर टेपवरची जागा हरवल्याची नोंद करतो आणि टेप गुंडाळून किंवा अन्य प्रकारे जागा पुन्हा निश्चित करेपर्यंत लिहू देत नाही. डिस्क सुधारली तरी त्या रात्रीचा बॅकअप गेला!

चढत जाण्याच्या बाजूने सांगितले जाते की अडकलेले उपकरण कसेही करून मोकळे व्हावे. कर्नलच्या स्वयंचलित दुरुस्तीपुरते हे पटण्यासारखे आहे, कारण तिथे विचारायला माणूस नसतो. पण ज्याने एकच उपकरण नाव घेऊन सांगितले, त्याच्या मागणीचा अर्थ परस्पर वाढवणे योग्य नाही. पुढे न चढण्याची सूचना देणारा पर्याय नंतर जोडला गेला, मात्र जुन्या साधनांची वागणूक बदलू नये म्हणून चढणे हेच मूळ वर्तन राहिले. हे उलट असायला हवे होते.

स्वयंचलित दुरुस्तीतही पूर्वी होस्टवरच्या सर्व प्रलंबित आज्ञा संपेपर्यंत किंवा त्यांची मुदत टळेपर्यंत वाट पाहिली जाई आणि तोवर शेजारच्या निरोगी डिस्कनाही नवे काम मिळत नसे; डिस्कची नेहमीची मुदत ३० सेकंदांची. आता होस्ट न थांबवता आधी अबॉर्ट करून पाहिला जातो, त्यामुळे किरकोळ अडचणी तिथेच मिटतात.

२०११ मध्ये पहिले प्रमाणक आलेल्या एनव्हीएमईत (वेगवान एसएसडी ड्राइव्ह जोडण्याची नवी पद्धत) या मधल्या पायऱ्याच नाहीत. मुदत टळल्यावर अबॉर्ट, आणि तोही लागू पडला नाही तर थेट कंट्रोलरचा (ड्राइव्ह चालवणारा भाग) रीसेट. त्यात त्या कंट्रोलरवरच्या सर्व प्रलंबित आज्ञा रद्द होतात आणि शक्य त्या पुन्हा रांगेत लावल्या जातात. बहुतेक ठिकाणी प्रत्येक ड्राइव्हचा कंट्रोलर त्याचा स्वतःचा असल्याने शेजाऱ्याला झळ लागत नाही.