संध्याकाळपर्यंत न टिकणारी ऊब

मे महिन्यात नागपुरात रात्री ११ वाजता गच्चीवर अनवाणी जाऊन बघा. सूर्य केव्हाच मावळलेला असतो, पण स्लॅब अजून पायाला चटका देतो. दिवसभर मुरलेली उष्णता तो रात्रभर सोडत राहतो आणि खालच्या खोलीत झोप लागू देत नाही. ब्रिटनमधल्या लाखो घरांतले जुने स्टोरेज हीटर हेच काम उलट्या वेळापत्रकाने करतात. ते रात्री तापतात आणि दिवसा ऊब देतात.

शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या अनेक मराठी मुलांची भाड्याच्या फ्लॅटमध्ये या अवजड पेटाऱ्याशी पहिल्याच हिवाळ्यात गाठ पडते. सकाळी घराबाहेर पडताना खोली उबदार असते आणि संध्याकाळी दमून परत यावं तर गार. मग प्रश्न येतो, हे काढून स्वस्तात दुसरं काय लावायचं?

पेटाऱ्यात विटा असतात, लोह ऑक्साइडच्या किंवा मॅग्नेसाइटच्या, फार जड. विजेच्या तारा त्यांना सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतात. अशी १ किलो वीट साधारण ०.१५ युनिट उष्णता धरून ठेवते. मोठा हीटर रात्रीच्या ७ तासांत २४ युनिट वीज घेतो, म्हणजे आत दीडशे किलोंहून जास्त विटा हव्यात. कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रं रात्री सहज थांबवता येत नसत, मग ती वीज स्वस्तात खपवावी, हा यामागचा विचार होता. १९७८ मध्ये त्यातूनच ‘इकॉनॉमी ७’ हा, रात्री ७ तास स्वस्त आणि दिवसा महाग असा, दर आला. पुष्कळ घरांत स्वस्त वीज सुरू-बंद करण्याचा इशारा बीबीसीच्या १९८ किलोहर्ट्झच्या लाँगवेव्ह प्रसारणातून मीटरपर्यंत पोचायचा. जून २०२५ अखेरपासून ती सेवा टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. त्या घरांना मीटर बदलावाच लागतो, त्यामुळे हीटरचाही विचार आत्ताच करणं बरं.

बदलण्याआधी मात्र हीटरवरची दोन बटणं बघा. एक रात्री किती उष्णता भरायची ते ठरवतं, दुसरं ती बाहेर सोडणारी झडप किती उघडायची ते. झोपताना दुसरं बटण कमीत कमीवर आणायचं असतं. ते उघडंच राहिलं तर भरलेली ऊब पहाटेपर्यंत निघून जाते आणि दोष मात्र हीटरला लागतो. तरीही संध्याकाळी खोली गारच राहत असेल, तर आवरणातून उष्णता गळतेय असं समजा.

दुकानात स्वस्तात मिळतो तो भिंतीवर लावायचा चपटा पॅनेल हीटर, शंभर पौंडांच्या आसपास. त्याच्या शेजारी तेलाचे, सिरॅमिकचे, इन्फ्रारेडचे असतात आणि प्रत्येकावर बचतीचं आश्वासन असतं. यातला कोणताही घ्या, १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता मिळते. तेल, सिरॅमिक किंवा चकचकीत काच त्यात पाव युनिटचीही भर घालू शकत नाही. जाहिरात वाचताना एवढं लक्षात ठेवलंत तर बरेच पौंड वाचतील.

फरक पडतो तो वीज कोणत्या वेळी घेतली यानं. हिशेबापुरता रात्रीचा दर १५ पेन्स, दिवसाचा ३० आणि साधा सरसकट दर २६ पेन्स धरू. २४ युनिट उष्णतेला रात्री ३ पौंड ६० पेन्स पडतात, सरसकट दराने ६ पौंड २४ पेन्स. पॅनेल हीटर लावून ‘इकॉनॉमी ७’ तसाच ठेवला तर दिवसा ७ पौंड २०. दिवसभर बाहेर असणाऱ्याला २४ युनिट लागणार नाहीत, हे खरं. झोपण्यापुरत्या छोट्या खोलीला पॅनेल हीटर पुरतो. पण म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल दिवसभर घरात असेल, तर हा स्वस्त हीटर दोन-तीन हिवाळ्यांतच महाग पडतो.

नवे स्टोरेज हीटर जुन्यांहून पुष्कळ सुधारलेले आहेत. आवरण जाड, आत पंखा आणि वेळ लावता येणारा थर्मोस्टॅट. पंखा सुरू होईपर्यंत ऊब बरीचशी आतच राहते, म्हणून संध्याकाळीही मिळते. किंमत पॅनेल हीटरच्या कित्येक पट, पण रात्रीच्या दराचा फायदा टिकतो.

तिसरा पर्याय आपल्या ओळखीचा आहे, उलटा चालणारा एसी, म्हणजे हवेतून हवेत उष्णता नेणारा हीट पंप. शून्य अंशाच्या हवेत कसली उष्णता, असं वाटतं खरं. पण यातला आर-३२ हा वायू उणे ५२ अंशांनाच उकळतो, त्याच्या दृष्टीनं बाहेरची बोचरी थंडीही गरमच. त्या हवेतून उष्णता ओढून तो १ युनिट विजेवर साधारण ३ युनिट ऊब घरात आणतो. वरचाच हिशेब मग २ पौंड ८ पेन्सवर येतो, तोही साध्या सरसकट दराने. नॉर्वे-स्वीडनमध्ये हे यंत्र घरोघरी दिसतं. स्वतःचा फ्लॅट असेल आणि बाहेरच्या भिंतीवर युनिट बसवायची परवानगी मिळत असेल, तर मी बैठकीच्या खोलीत हाच लावीन. बाकीच्या खोल्यांत साधे पॅनेल हीटर चालतील.

इलेक्ट्रिशियनशी मात्र आधीच बोला. जुन्या हीटरच्या तारांत बहुधा फक्त रात्रीच वीज येते, त्यावर पॅनेल हीटर जोडला तर तो दिवसभर मुका बसेल. आणि १९७०च्या दशकाच्या मध्याआधीचा हीटर स्वतः उघडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तपासणी होईपर्यंत एकही वीट हलवू नका.