स्वप्न कुठल्या अंकात? ‘सोरोचिंत्सीची जत्रा’ची पार्श्वभूमी

रशियन संगीतकार मुसोर्गस्कीने १८७४ साली ‘सोरोचिंत्सीची जत्रा’ या विनोदी ऑपेराला (संगीतनाटकाला) हात घातला तो एका बुजुर्ग युक्रेनियन गायकासाठी. त्याच वर्षी त्याने दिवंगत चित्रकार मित्राच्या प्रदर्शनावरून पियानोची चित्रमालिका लिहिली होती. त्यातला अंड्यातून न निघालेल्या पिल्लांचा नाच तर सरळ एका बॅलेच्या वेशभूषा-रेखाटनावरूनच सुचलेला. रंगमंचाच्या कागदावरून संगीत उचलणारा हा माणूस. त्याच्या स्वतःच्या ‘जत्रे’च्या नेपथ्याचे आराखडे मात्र इतरांनी काढले, तो गेल्यावर.

काम रखडत गेलं. युक्रेनी बोलीचा लहेजा रशियन माणसाला साधणार नाही, या शंकेने १८७५ मध्ये त्याने ते बाजूलाच ठेवलं. पुन्हा हाती घेतलं, तर १८७८ मध्ये तो गायकच गेला. १८८० मध्ये काही हितचिंतकांनी ऑपेरा पुरा करावा म्हणून महिना ८० रूबल लावून दिले. दुसऱ्या गटाचे १०० रूबल त्याच्या दुसऱ्या, तितक्याच अपुऱ्या ऑपेरासाठी होते. दोन्ही ओढाताणीत राहिले. १८८१ मध्ये तो वारला.

खरा गुंता या ऑपेरातल्या ‘खेडूत पोराच्या स्वप्ना’च्या प्रवेशाचा आहे. त्याचं संगीत जुनंच: बोडक्या डोंगरावरची चेटकिणींची रात्र त्याने १८६७ मध्ये वाद्यवृंदासाठी लिहिली होती, १८७२ मध्ये अनेक संगीतकारांनी मिळून लिहायच्या एका ऑपेरा-बॅलेत समूहगान म्हणून वापरली (तो बेतच बारगळला) आणि १८८० मध्ये इथे, झोपलेल्या नायकाचं स्वप्न म्हणून. शेवटी पहाटेची घंटा वाजते आणि भुतं पांगतात. मैफलीत आज सर्रास वाजते ती १८८६ची दुरुस्त आवृत्ती. तिचा तो शांत शेवट या विनोदी ऑपेरातूनच आलेला आहे, हे फार कमी सांगितलं जातं.

१८७७च्या कथानकाच्या आराखड्यात मुसोर्गस्कीने हे स्वप्न पहिल्या अंकानंतर ठेवलं होतं. १९३०च्या सुमारास एका सोव्हिएत संगीतकाराने ऑपेरा पुरा करताना ते तिसऱ्या अंकात नेलं. कारण नाट्यपरिणामाचं दिलं जातं, पण मला ते पटत नाही. पहिल्या अंकाअखेर भुतं आली, की दुसऱ्या अंकात, झोपडीत सांगितली जाणारी सैतानाच्या लाल डगल्याची गोष्ट ऐकताना प्रेक्षकही गावकऱ्यांइतकाच दचकतो. तिसऱ्या अंकात ती उशिरा येतात. भीती ओसरलेली असते.

नेपथ्यकाराला याचा थेट फटका बसतो. पहिल्या अंकानंतर स्वप्न असेल, तर जत्रेचा उजेड मावळवून डोंगर उभा करायचा आणि मग झोपडीत शिरायचं. तिसऱ्यात असेल, तर गावचा रस्ता हटवा, डोंगर आणा, पुन्हा तोच रस्ता लावा. झोपडीची खिडकीही नुसती रंगवून भागत नाही, कारण ऐन गोष्टीच्या रंगात तिच्यातून डुकराचं थोबाड आत यायचं असतं.

पुढे प्रयोग होत गेले, प्रत्येकाचा ऑपेरा निराळ्या हाताने पुरा केलेला: १९१३ मॉस्को, १९१७ पेत्रोग्राद (आजचं सेंट पीटर्सबर्ग), १९२३ माँटे कार्लो. न्यूयॉर्कमध्ये १९३० आणि १९४२ असे दोनदा प्रयोग झाले; दोन्ही वेळा नेपथ्याचे आराखडे मायदेश सोडून आलेल्या रशियन चित्रकारांनी केले होते.