रेणवीय चिन्हके आणि कडधान्यांतील जनुकीय विविधता

एकाच पिकाच्या दोन झाडांच्या डीएनएमध्ये ज्या ठिकाणी फरक असतो आणि तो प्रयोगशाळेत ओळखता येतो, त्या ठिकाणाला रेणवीय चिन्हक किंवा मॉलिक्युलर मार्कर म्हणतात. दाणा लाल की पांढरा, झाड उभट की पसरट, यांवरून वाण ओळखण्याची रीत जुनी आहे आणि ती आजही लागतेच. पण जमीन, पाऊस, पेरणीची वेळ बदलली की यांतल्या पुष्कळ खुणा बदलतात. काळ्या कसदार जमिनीत माणसाच्या डोक्यावर जाणारी तूर बरडावर कमरेएवढीच राहते. डीएनए तोच असतो.

बियाणे नेमके कोणत्या वाणाचे, हा प्रश्न विदर्भात नेहमीचा आहे. यवतमाळ-अमरावतीकडे कपाशीत तुरीचे तास घालतात, आणि अनेकांचे बियाणे घरचेच असते. तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात, त्यामुळे परपरागण होते, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्यावर जातात. शेजारच्या वावरात आशा किंवा मारुती हे वाण असले, तर काही हंगामांत घरच्या तुरीत त्यांचा अंश उतरतो. नाव ‘गावरान’च राहते. उलट, दोन गावांत दोन नावांनी चालणारी तूर एकच निघू शकते. हरभरा स्वपरागित आहे, म्हणजे त्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यात भेसळ होते ती बहुधा मळणीत किंवा पोत्यात.

तपासणीसाठी कोवळी पाने घेतात, कारण तुरीच्या जून पानांतील फिनॉलयुक्त द्रव्ये डीएनए शुद्ध मिळू देत नाहीत. पानांतून काढलेल्या डीएनएचा ठरावीक भाग पीसीआर यंत्रात अनेकपट वाढवतात आणि जेल या चिकट थरात आकारानुसार वेगळ्या होणाऱ्या त्याच्या पट्ट्या पाहतात. 1990 मध्ये पुढे आलेली आरएपीडी ही डीएनएचे स्वैर तुकडे वाढवणारी पद्धत स्वस्त, पण एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीत जुळेलच असे नाही. एसएसआर चिन्हकांत डीएनएची दोन-तीन अक्षरे पुनःपुन्हा येतात. किती वेळा येतात, हे वाणागणिक बदलते. आई आणि बाप या दोघांकडून आलेल्या प्रती त्यांत वेगळ्या दिसतात, म्हणून तुरीतील संकर पकडायला ती फार उपयोगी. एका अक्षराचा फरक दाखवणारी एसएनपी चिन्हके आता हजारोंनी एकदम तपासता येतात. पद्धत कोणतीही असो, तुरीचे एकच झाड तपासून वाणाबद्दल बोलणे चूक आहे. नमुना अनेक झाडांचा हवा.

तुरीच्या जनुकसंचाचा, म्हणजे तिच्या संपूर्ण डीएनएचा, पहिला आराखडा ज्या वाणावरून तयार झाला, तो आशाच होता. पुढे 2017 मध्ये 292 नमुन्यांचा जनुकसंच वाचला गेला. लागवडीतील वाणांमधली विविधता रानटी नातलगांच्या मानाने फारच तोकडी आहे, हे चिन्हकांनी वारंवार दाखवले आहे. मर रोगासारख्या संकटात नवे वाण घडवणाऱ्या पैदासकाराला निवडीसाठी फरक लागतो. तो घरच्या डब्यात, राखेत घोळून ठेवलेल्या बियांत शिल्लक असेल, तर ते बी वेळीच गोळा झाले पाहिजे.

पूर्व विदर्भातील लाखोळी या कडधान्याची गोष्ट अधिक नाजूक. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धान उभे असतानाच बांधीतल्या (धानाच्या वाफ्यातल्या) ओलीवर तिचे बी फेकतात. याला उतेरा म्हणतात. दाण्यातील ओडॅप या विषारी द्रव्यामुळे, दीर्घकाळ मुख्यतः हीच डाळ खाणाऱ्यांना पायांचा लकवा होऊ शकतो. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, तरी पेरा थांबला नाही, कारण नांगरट आणि सिंचनाशिवाय हाती येणारे असे पीक दुसरे सहसा मिळत नाही. रतन, प्रतीक यांसारख्या कमी ओडॅपच्या वाणांत स्थानिक लाखोळी मिसळली आहे का, हे चिन्हकांवरून तपासता येते. दाण्यात ओडॅप किती, हे मात्र रासायनिक पृथक्करणानेच कळते, आणि ते प्रमाण पाण्याचा ताण व जमिनीतील जस्त यांनुसारही बदलते. म्हणून लाखोळीचा नमुना घेताना बांधीची माती, ओल आणि आधीचे धान यांची नोंद पिशवीसोबतच ठेवावी लागते.