ऑक्टोबर हीट, निफाडचा पारा आणि थंडीची अटकळ : पार्श्वभूमी

पाऊस माघारी फिरला की आठ-दहा दिवसांत एकच प्रश्न कानावर येऊ लागतो: ऑक्टोबर एवढा तापलाय, मग यंदा थंडी पडणार का? नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, तारीख धरायची असते, गहू घेणाऱ्याला वाफशाबरोबर थंडीचाही अंदाज हवा असतो, रत्नागिरी-देवगडचा आंबेवाला मोहोराच्या चिंतेत असतो. उत्तरं मात्र दोनच ठरलेली: ‘ऊन कडक तर थंडीही कडक’, नाहीतर ‘ला निना आहे, यंदा हाडं गोठणार’ (ला निना म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार होणं). यातलं पहिलं उत्तर कधी खरं ठरतं ते कारण माहीत असेल तरच कळतं. दुसऱ्याने गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांना फसवलं आहे.

जुना भाग थोडक्यात. शेतकऱ्याचं शरदाचं गणित नक्षत्रांवर चालत आलं: हस्त, चित्रा, मग स्वाती. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण रब्बीच्या ओलीविषयी आहे, थंडीविषयी तिच्यात काही नाही. मोजमाप म्हणावं असं काम कुलाब्याच्या वेधशाळेपासून सुरू झालं, १८७५ मध्ये देशाचा हवामान विभाग उभा राहिला आणि १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. मात्र सगळी बुद्धी मान्सूनच्या अंदाजावर खर्च झाली. हिवाळ्याच्या तापमानाचा हंगामी अंदाज नियमितपणे मिळू लागला तो २०१६ पासून. म्हणजे या विषयाचा खरा इतिहास दहा-बारा वर्षांचाच आहे आणि त्यातले वादही ताजे आहेत.

आधी ऑक्टोबरचं ऊन. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमिनीत पावसाची ओल, त्यामुळे हवा तापते आणि दमटही राहते. मुंबईत जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्री वारा दुपारपर्यंत लांबतो आणि पारा पस्तिशीपार जातो. मान्सूनच्या माघारीच्या सर्वसाधारण तारखा २०२० मध्ये बदलल्या. पश्चिम राजस्थानातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर धरली गेली, मुंबईसाठी ८ ऑक्टोबर आला. त्यामुळे ‘ऑक्टोबर हीट’ आता महिन्याच्या उत्तरार्धाकडे सरकली आहे. पहिल्या आठवड्यात ऊन नाही म्हणून हळहळणं किंवा हरखून जाणं, दोन्हीला अर्थ नाही.

दुपारचं कमाल तापमान येणाऱ्या थंडीबद्दल फार थोडं सांगतं. पाहायचं ते पहाटेचं किमान, आणि कमाल-किमान यांतली तफावत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पठारावर ही तफावत रोज वाढत जायला हवी. ती दहा अंशांच्या आत अडकून राहिली तर हवेत ओल आहे, रात्री ढग येतात किंवा बंगालच्या उपसागरातून पूर्वेचा वारा चालू आहे असं समजावं. पंधरा-सोळाच्या पुढे गेली तर हवा कोरडी झाली, रात्री जमीन मोकळेपणी उष्णता सोडते आहे. ‘ऊन कडक तर थंडी कडक’ हे इथेच खरं ठरतं. पावसाने दगा दिलेल्या वर्षी जमीन कोरडी असते. कोरडी जमीन दिवसा लवकर तापते आणि रात्री तितकीच झटकन निवते.

२०१८ हे त्याचं ढळढळीत उदाहरण. पाऊस तुटला, ऑक्टोबरअखेर राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. डिसेंबरच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा १.८ अंशांवर आला आणि २९ डिसेंबरला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. त्या हिवाळ्यात प्रशांत महासागरात ला निना नव्हता, उलट सौम्य एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा उबदार होतं. याउलट २०१९ मध्ये मान्सूनची परती ९ ऑक्टोबरपर्यंत सुरूच झाली नाही, ऑक्टोबरभर पाऊस झोडपत राहिला, अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं लागोपाठ आली. जमीन ओली, हवा ओली. थंडी जानेवारीच्या मध्यावर आली आणि आली तेव्हा मुंबईतही १७ जानेवारी २०२० ला पारा ११.४ पर्यंत उतरला.

आता ज्या शब्दावरून सर्वांत जास्त गोंधळ होतो तो घेऊ: थंडीची लाट. वर्तमानपत्रात ‘राज्यात थंडीची लाट’ असा मथळा येतो, त्याच दिवशी हवामान विभागाच्या पत्रकात ‘लाट नाही’ असं असतं, आणि शेतकरी दोघांवरही चिडतो. कारण हा शब्द बोलीत सैल आहे, निकषात घट्ट. मैदानी भागात आधी किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आलं पाहिजे. त्यानंतर ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर लाट, ६.४ हून जास्त कमी असेल तर तीव्र लाट. पारा नुसता ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर सरासरी न बघताही लाट, २ वर किंवा त्याखाली गेला तर तीव्र. शिवाय एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे घडावं लागतं, घोषणा दुसऱ्या दिवशी होते. किनाऱ्यासाठी १० ऐवजी १५ अंशांची अट आहे. मुंबईच्या सांताक्रूझ केंद्राची जानेवारीची किमान सरासरी सतराच्या आसपास, म्हणजे तिथे साडेबारापर्यंत उतरल्याशिवाय लाटेचा विषय निघत नाही. मुंबईकर स्वेटर काढतो तो त्याच्या बराच आधी.

या सगळ्या गणिताचा कणा ‘सरासरी’ आहे, आणि सरासरी स्थिर नसते. ती तीस वर्षांची काढतात आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकवतात. आधी १९८१–२०१० होती, आता १९९१–२०२० आहे. तापमान चढत असल्याने बहुतेक ठिकाणी सरासरीही वर गेली. याचा परिणाम दोन्ही टोकांना उलटा होतो. समजा एखाद्या केंद्राची किमान सरासरी १०.८ होती आणि नव्या हिशेबात ती ११.१ झाली. पहाटे पारा ६.५ आला, तर जुन्या सरासरीने घट ४.३, म्हणजे लाट नाही. नव्या सरासरीने घट ४.६, म्हणजे लाट. थंडी तीच, पिकावरचं दव तेच, नाव बदललं. ऑक्टोबरच्या बाबतीत उलटं होतं: सरासरी वर गेल्यामुळे तितकंच उकडणारा महिना ‘किंचित जास्त’ दिसतो. उबदार शरद सौम्य भासतो आणि थंडी तीव्र भासते. वर्षांची तुलना करताना दोन्ही वर्षं एकाच सरासरीवर मांडली नाहीत तर तुलना फुकट जाते. हे जाहीर पत्रकांत ठळक लिहिलं जायला हवं, ते होत नाही.

लाटेचे निकषही गेल्या दशकाच्या मध्यावर बदलले. त्याआधी केंद्राची सरासरी १० च्या वर की खाली यावरून वेगळे आकडे लावत. त्यामुळे ‘पूर्वी अमुक वर्षी इतक्या लाटा आल्या’ ही यादी आजच्या यादीशी थेट ताडून पाहता येत नाही.

दुसरा गुंता ‘हिवाळा’ या शब्दाचा. हवामान विभागाच्या ऋतुविभागणीत जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे हिवाळा. डिसेंबर मान्सूनोत्तर हंगामात मोजला जातो. हंगामी अंदाज मात्र डिसेंबर ते फेब्रुवारीचा येतो. महाराष्ट्रात कडाक्याची थंडी साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पडते. ‘हिवाळा उबदार गेला’ असं वाचलं की कोणते महिने धरले ते आधी बघावं. त्यात डिसेंबरची हुडहुडी बाहेर राहिलेली असू शकते.

ला निनाचं नाव घराघरांत पोचलं ते २०२० ते २०२३ या सलग तीन हिवाळ्यांमुळे. विषुववृत्तीय प्रशांत महासागराच्या ठरावीक पट्ट्यातलं पाणी सरासरीपेक्षा किती गार आहे यावर तो ठरतो. अमेरिकी संस्था ०.५ अंशाची घट पुरेशी मानते, ऑस्ट्रेलियाची संस्था ०.८ मागते. २०२४ च्या शरदात ‘ला निना येणार, कडाक्याची थंडी पडणार’ असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात त्या वर्षीचा ऑक्टोबर देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला, सरासरी तापमान २६.९२ अंश, नेहमीपेक्षा सव्वा अंशाने जास्त. ला निना रेंगाळत आला: अमेरिकी संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये तो जाहीर केला, ऑस्ट्रेलियाने मान्यच केला नाही. नोव्हेंबरअखेर ‘फेंगल’ वादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं, त्याची ओल महाराष्ट्रावर पसरली आणि डिसेंबरची सुरुवात ढगाळ, उबदार गेली. मग महिन्याच्या मध्यात उत्तर महाराष्ट्रात पारा एक आकडी झाला. फेब्रुवारी २०२५ पुन्हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. एकाच हिवाळ्यात सगळं घडलं, आणि ला निनाच्या एका शब्दात त्यातलं काहीच बसत नव्हतं.

कारण महाराष्ट्राला थंडी समुद्र थेट देत नाही. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, सरकतो, हिमालयात बर्फ पडतं, झंझावात पुढे गेला की मागून वायव्येचा कोरडा वारा राजस्थान-गुजरात-मध्य प्रदेशातून खाली उतरतो. दोन झंझावातांमध्ये पाच-सहा दिवसांची फट मिळाली तर निफाड, जळगाव, नगर, नागपूर इथे पारा घसरतो. फट मिळण्याआधी पुढचा झंझावात आला किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, तर वारा पूर्वेचा होतो, ढग येतात आणि किमान तापमान एका रात्रीत पाच-सहा अंशांनी चढतं. ला निना या फटींची शक्यता थोडी वाढवतो, इतकंच. आणि या फटी सात-दहा दिवसांपेक्षा आधी नेमक्या सांगता येत नाहीत.

म्हणून हंगामी अंदाज वाचायचा कसा हेही शिकावं लागतं. त्या नकाशात ‘किती अंश’ नसतात. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा जास्त, या तिन्हींची शक्यता टक्क्यांत असते. काहीच संकेत नसेल तर प्रत्येकी ३३ टक्के. ‘जास्त’ची शक्यता ५५ टक्के आली, तर उरलेल्या ४५ मध्ये कडाक्याची थंडीही बसते. शिवाय तो तीन महिन्यांचा एकत्रित अंदाज असतो. उबदार हंगामात चार रात्रींची लाट सहज मावते, आणि द्राक्षाचं नुकसान व्हायला चार रात्री पुरतात.

द्राक्षात हे असं घडतं. मण्यांत पाणी उतरण्याच्या अवस्थेत रात्री पारा एक आकडी आणि दिवसा ऊन तिशीकडे, अशी तफावत आली की हिरव्या वाणांत पिंक बेरी दिसू लागते, म्हणजे मणी गुलाबी पडतात. थंडीने मुळांचं काम मंदावलेलं असताना एकदम भरपूर पाणी दिलं तर मण्यांना तडे जातात. उपाय म्हणून घड कागदाने झाकतात. विहिरीचं पाणी ठिबकने पहाटे थोडं थोडं सोडतात, ते हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन दिवसाची उष्णता धरून ठेवते. शेकोट्या पेटवायच्या तर लहान आणि जास्त. एक मोठा जाळ गरम हवा वर फेकतो आणि खालची गार हवा तशीच राहते. नुसत्या धुराने ऊब मिळत नाही. उशिरा, नोव्हेंबरात छाटलेल्या बागेत डोळे फुटायला वेळ लागतो आणि फूट मागे-पुढे होते. आंब्याचं दुखणं वेगळं. परतीचा पाऊस लांबला तर झाड पालवी काढतं, ती पक्व झाल्याशिवाय मोहोर नाही. पुढे मोहोर फुटल्यावर थंडी अति वाढली तर पुनर्मोहोर येतो आणि आधीची वाटाण्याएवढी कैरी गळते.

निफाडच्या आकड्याविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. गोदावरी-कादवेच्या खोलगट, मोकळ्या पट्ट्यात रात्री गार हवा साचते, म्हणून तिथला पारा शहरापेक्षा खाली जातो. तो आकडा खरा आहे, पण तालुक्यातल्या प्रत्येक बागेचा नाही. महसूल मंडळांत बसवलेल्या दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रांनी ही अडचण कमी केली, आणि नवी उभी केली: फळपीक विम्याची भरपाई मंडळाच्या केंद्रावरच्या आकड्यावर ठरते. केंद्र उंचवट्यावर आणि बाग ओढ्याकाठी असेल तर बाग गारठते, नोंद मात्र तसं दाखवत नाही. शेतकऱ्याची ही तक्रार रास्त आहे.

म्हणून बागेत स्वतःची नोंद हवी. पांढरी, झडपांची लाकडी पेटी, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच, दार उत्तरेला, पत्र्याचं छप्पर आणि भिंतीपासून दूर. किमान तापमापी आडवी ठेवायची, आतल्या सूचक काडीचं फुग्यापासून (तापमापीच्या फुगीर टोकापासून) लांबचं टोक वाचायचं, वाचून झालं की फुग्याची बाजू उचलून काडी द्रवाच्या टोकाशी आणायची. अल्कोहोलचा स्तंभ तुटून वर थेंब अडकला तर तापमापी खरं असेल त्यापेक्षा कमी दाखवते. न पटण्याइतकी थंडी दिसली की आधी तो थेंब शोधावा. नोंद सकाळी साडेआठला. त्या वेळी वाचलेलं किमान आजचं, पण कमाल कालचं. ही एक चूक वहीत शिरली की कमाल-किमान तफावतीचा सगळा रकाना एक दिवस सरकतो, आणि ऑक्टोबरअखेर जे वाचायचं असतं ते नेमकं याच रकान्यात असतं.